विकत घेण्याआधी टॅपेस्ट्री उलटी करून पाहा

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात राजा आर्थरच्या सरदारांची एक भलीमोठी टॅपेस्ट्री पाहिली. ती डोक्यातून जात नाही. आता नव्या घराच्या हॉलमधली मोठी भिंत रिकामी आहे. तशाच मध्ययुगीन चित्रांच्या टॅपेस्ट्री ऑनलाइन तीन हजारांपासून दीड लाखापर्यंत मिळतात आणि सगळेच विक्रेते 'हँडमेड' म्हणतात. खरं काय समजायचं? मूळ टॅपेस्ट्रीत असं विशेष काय आहे? आणि आपल्या हवेत ती टिकेल का?"

मी टॅपेस्ट्री, म्हणजे धाग्यांनीच चित्र विणलेले भिंतीवरचे पट, विणते, शिकवते आणि जुने पट दुरुस्तही करते, त्यामुळे उत्तर लांबणार. पण मुद्द्याचं आधी सांगून टाकते. तुम्ही ज्या पाहताय त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जॅकार्ड यंत्रमागावर विणलेल्या किंवा पॉलिएस्टरवर छापलेल्या असतात. त्यात गैर काही नाही, भिंत छान दिसते. मात्र बर्मिंगहॅमला तुम्हाला ज्याने धरून ठेवलं ते त्यांत सापडणार नाही. तो पट एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याच्या कंपनीने विणलेला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मध्ययुगातल्या कथा परत आणल्या हे सगळेच सांगतात. पण त्यांनी मध्ययुगातली विणण्याची रीतही परत आणली, आणि माझ्या मते त्या पटांचं खरं मोल तिथेच आहे.

तुम्ही पाहिलेला पट 'ग्रेलची प्राप्ती' हा असावा. जवळजवळ सात मीटर लांब, माणसापेक्षा बराच उंच. डावीकडे बोर्स आणि पर्सिव्हल हे दोन सरदार, मध्ये त्यांची वाट अडवून उभे असलेले देवदूत, आणि पार उजवीकडे एका छोट्या प्रार्थनाघराच्या दाराशी गुडघे टेकून बसलेला गॅलहॅड. आत वेदीवर ग्रेल, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातला प्याला. दंतकथेतल्या राजा आर्थरच्या दरबारातले सगळे शूर सरदार तो शोधायला निघतात, पण मन पूर्ण निर्मळ असलेल्यालाच त्याचं जवळून दर्शन होतं. बाकीचे दोघे लांबून बघू शकतात, एवढंच. सर थॉमस मॅलरीने ही कथा १४७० च्या सुमारास इंग्रजीत लिहून पुरी केली आणि विल्यम कॅक्स्टनने ती १४८५ मध्ये छापली. मॉरिस आणि चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांच्या हाती हे पुस्तक ऑक्सफर्डला शिकत असताना, १८५५ मध्ये पडलं आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या मनातून उतरलं नाही.

पट विणायची संधी आली १८९० मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या माउंट मॉर्गनच्या सोन्याच्या खाणीवर गब्बर झालेला विल्यम नॉक्स डार्सी लंडनजवळच्या स्टॅनमोर हॉल या वाड्यात राहायला आला होता. त्याला जेवणघराच्या भिंतींसाठी काहीतरी भव्य हवं होतं. (याच डार्सीने १९०१ मध्ये इराणच्या शहाकडून तेल शोधण्याचा परवाना मिळवला. पश्चिम आशियातल्या तेलाच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर येतं.) कथेचे सहा प्रसंग ठरले: एक अनोळखी युवती दरबारात येऊन शोधाचं आवाहन करते तो, सरदार शस्त्रं घेऊन निघतात तो, गवेनचं अपयश, लॅन्सलॉटचं अपयश, एक अरुंद पट ज्यात फक्त जहाज आहे, आणि शेवटी ग्रेलची प्राप्ती. हे पट भिंतीवर वरच्या बाजूला लागले. त्यांच्या खाली झाडीत उभी हरणं आणि फांद्यांना टांगलेल्या सरदारांच्या ढाली असे वेगळे पट होते. विणकाम १८९१ ते १८९४ असं चाललं.

मला त्या सहांत लॅन्सलॉटचा पट सर्वांत जवळचा वाटतो. एवढा मोठा योद्धा, आणि दर्शनाची वेळ येते तेव्हा प्रार्थनाघराबाहेर झोपलेला. बर्न-जोन्सने त्याच्यावर कुठेही दोष ठेवलेला नाही, नुसतं दमलेलं माणूस काढलंय.

आता विणकामाकडे येते. मॉरिसने टॅपेस्ट्री हातात घेतली तेव्हा इंग्लंडमध्ये ती शिकवणारं कुणी त्याला मिळालं नाही. पॅरिसमध्ये गोबेलँ हा टॅपेस्ट्रीचा सरकारी कारखाना चालू होता, पण तिथली रीत त्याला पटत नव्हती. मग एका जुन्या फ्रेंच माहितीपुस्तकावरून त्याने स्वतःच शिकायचं ठरवलं. १८७९ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या घरात, झोपायच्या खोलीत माग उभा केला आणि पहाटे उठून विणायला बसू लागला. त्या पहिल्या पटावर द्राक्षवेल आणि अकँथसची मोठमोठी पानं आहेत. त्याने तासांची नोंद ठेवली होती: मे ते सप्टेंबर या काळात ५१६ तास आणि वर अर्धा. तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता, मोठा कवी आणि चालत्या कंपनीचा मालक म्हणून नावाजलेला. हे काम तो कुणाकडूनही करवून घेऊ शकला असता. पण हात स्वतः बसवल्याशिवाय दुसऱ्याला शिकवायचं नाही, असा त्याचा खाक्या होता. रंगकामही तो असंच शिकला होता.

१८८१ मध्ये कंपनीचे कारखाने लंडनच्या दक्षिणेला वॉन्डल नदीकाठी मर्टन ॲबी इथे गेले. तिथे उभे माग लागले. उभ्या मागाची बैठक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वर एक रूळ, खाली एक रूळ, मध्ये ताण्याचे सुती धागे सरळ उभे ताणलेले. चित्राची बाह्यरेषा शाईने थेट त्या धाग्यांवर उतरवलेली. विणकर बसतो पटाच्या पाठीमागे. डोक्यावर दोऱ्यांचे फासे लोंबत असतात. एका हाताने त्यातले हवे तेवढे ओढायचे, म्हणजे एकाआड एक धागे पुढे येतात. त्या फटीतून दुसऱ्या हाताने रंगीत लोकरीची कांडी सारायची आणि तिच्याच टोकाने धागा खाली ठोकून बसवायचा. चित्राची सुलटी बाजू पलीकडे असते. ती पाहायला समोर आरसा टांगलेला असतो आणि विणकर ताण्याच्या फटींतून आरशात डोकावून आपलं काम तपासतो. दिवसभर हे चालतं: पाठ विणायची आणि तोंड आरशात बघायचं.

या रीतीत बाण्याचा, म्हणजे आडवा विणायचा, धागा कडेपासून कडेपर्यंत जात नाही. प्रत्येक रंग आपल्या हद्दीपुरता जातो आणि वळून परत येतो. बाणा इतका घट्ट ठोकलेला असतो की ताणा पूर्ण झाकला जातो, दिसतो तो फक्त रंग. मराठी माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही, कारण पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणतात. येवल्याच्या मागावर मोर विणताना विणकर रंगागणिक वेगळी तिल्ली घेतो आणि ती आपल्या हद्दीपुरतीच फिरवतो. काश्मीरच्या कानी शालीतही छोट्या काड्यांवरून हेच होतं. फरक दोन आहेत. पैठणीत दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा आणि सलग राहतो. युरोपच्या टॅपेस्ट्रीत बऱ्याचदा दोन्ही रंग शेजारच्या धाग्यांवरून आपापले परत फिरतात आणि मध्ये फट राहते. ती नंतर सुईने शिवतात. कधी मुद्दाम ठेवतात, कारण फटीची सावली डोळ्यांना रेषेसारखी दिसते. दुसरा फरक जाडीचा: पैठणी अंगावर नेसायची, तिचा ताणा बारीक रेशमाचा. टॅपेस्ट्री भिंतीवर, तिला वजन चालतं.

आणखी एक गोष्ट जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. भिंतीवरची जुनी टॅपेस्ट्री आडवी विणलेली असते. विणताना सरदार मागावर आडवे पडलेले असतात आणि पट उतरवल्यावर तो फिरवून टांगतात. कारण सोपं आहे. मागाची रुंदी ठरलेली असते, ताण्याची लांबी मात्र रुळावर हवी तेवढी गुंडाळता येते. शिवाय माणसं, झाडं, भाले हे सगळे उभे आकार बाण्याच्या दिशेने आले की रेषा सफाईदार निघते. म्हणून टांगलेल्या पटावर बोटं फिरवली (संग्रहालयात नव्हे, तिथे डोळ्यांनीच) तर बारीक उंचवटे आडवे लागतात. आणि फटीही आडव्या येतात. पटाचं वजन खाली ओढतं, फटींवरच्या शिवणीवर सगळा भार पडतो आणि जुन्या पटात पहिली तीच सुटते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कामात बहुतेक वेळा सुरुवात या शिवणींपासूनच करावी लागते.

गोबेलँची रीत मॉरिसला का पटली नाही, हेही इथेच कळतं. तिथे अठराव्या शतकापासून तैलचित्रांच्या हुबेहूब नकला विणल्या जात. कुंचल्याचा प्रत्येक फटकारा लोकरीत उतरवायचा म्हणून रंगछटा वाढत गेल्या. तिथल्या रंगविभागाचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने तर १४,००० हून जास्त छटांची पद्धतशीर मांडणी केली. शास्त्र म्हणून ते काम थोरच आहे. दोन रंग शेजारी आले की एकमेकांना कसे बदलतात हे त्याने १८३९ मध्ये मांडलं, आणि आम्ही विणकर आजही त्यावर चालतो. पण विणकराच्या हातात काय उरलं? समोरच्या चित्राबरहुकूम क्रमांकाची लोकर उचलायची. आणि हजारो कोवळ्या छटा उन्हात उडाल्या की चित्रच विरघळतं.

मध्ययुगातली रीत उलट होती. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातले एकशिंग्याच्या (युनिकॉर्न या काल्पनिक घोड्याच्या) शिकारीचे सात पट १५०० च्या आसपास विणले गेले आणि त्यांतले रंग मुळात तीन वनस्पतींतून आले: लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मॅडरमधून, पिवळा वेल्डमधून, निळा वोडमधून. बाकी सगळं या तिघांच्या मिश्रणातून आणि कमीजास्त बुडवण्यातून. मोजके रंग असताना छाया कशी दाखवायची? गडद रंगाचे दाते फिक्या रंगात घुसवायचे, लांब-आखूड, एकाआड एक. जवळून पाहिलं तर करवतीच्या पात्यासारखे त्रिकोण दिसतात, चार पावलं मागे गेलं की कापडाची चुणी दिसते. ते दाते किती लांब, कुठे थांबायचं, हे कुठल्याही चित्रावर लिहिलेलं नसतं. ते विणकर ठरवतो. पुढच्या वेळी ग्रेलचा पट पाहाल तेव्हा झग्यांच्या चुण्यांजवळ थांबा. हे दाते तुम्हाला दिसतील. मर्टनला हीच रीत परत आली.

म्हणजे विणकराला पूर्ण मोकळीक होती असं मात्र नाही. ग्रेलच्या पटांत माणसं आणि एकूण मांडणी बर्न-जोन्सची. त्याची रेखाटनं लहान असत, ती फोटोग्राफीने पूर्ण आकारात मोठी केली जात आणि मग तो चेहरे-हात पुन्हा तपासून नीट करी. हो, हस्तकलेच्या पुनरुज्जीवनाच्या ऐन मध्यात कॅमेरा होता, आणि त्यात मला काही खटकत नाही. पायाशी पसरलेली असंख्य फुलं, झाडी, कापडावरच्या नक्षी हे जॉन हेन्री डर्लचं काम. हा डर्ल १८७८ मध्ये मॉरिसच्या दुकानात मदतनीस म्हणून लागला, टॅपेस्ट्रीचा पहिला शिकाऊ झाला आणि मॉरिस १८९६ मध्ये गेल्यावर कंपनीची सगळी कलाबाजू त्यानेच सांभाळली. त्याच्या फुलांकडे बघताना कळतं की हे काढणाऱ्याने स्वतः विणलंय. पाकळीचा प्रत्येक कोपरा धाग्याला जमेल असाच वळतो. नुसत्या चित्रकाराच्या हातून असं येत नाही.

रंगांबद्दल थोडं, कारण त्यात हिंदुस्थानचा धागा आहे. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि वीस वर्षांत युरोपातली रंगशाळा पार बदलून गेली. मॉरिसला ते भडक आणि लवकर विटणारे रंग नको होते. १८७५ पासून तो स्टॅफर्डशरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत जाऊन नीळ, मॅडर, अक्रोडाची साल, कोचिनीलचे किडे यांचे जुने पाठ पुन्हा बसवू लागला. कोपरापर्यंत हात निळे करून घ्यायचा. हा वॉर्डल आपल्याकडच्या टसर रेशमाचा आणि देशी रंगद्रव्यांचा गाढा अभ्यासक होता. १८८५-८६ मध्ये तो रेशमासाठी हिंदुस्थानात फिरूनही गेला. नीळ तर त्या काळी बरीचशी इकडूनच जगभर जात होती.

मुंबईशी नातं आहे ते घरगुती. बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना आणि सर जे. जे. कलाशाळेत १८६५ ते १८७५ शिकवणाऱ्या जॉन लॉकवूड किपलिंगची बायको ॲलिस या सख्ख्या बहिणी. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग लहानपणी इंग्लंडला पाठवला गेला तेव्हा सुट्टीत याच मावशीकडे राहायला जाई. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शेतकरी-बाजारकऱ्यांची दगडी कोरीव चित्रं ही लॉकवूड किपलिंगची. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा मान वर करा. मध्ययुगाच्या ओढीने आणि कारागिराच्या हातावरच्या विश्वासाने जे लंडनमध्ये चाललं होतं, त्याचीच ती मुंबईतली फांदी आहे.

आता खरेदी. विक्रेत्याकडून पाठीचा फोटो मागवा. तो द्यायला कां-कूं करत असेल तर विषय तिथेच संपला. पाठ कोरी पांढरी असेल तर चित्र छापलेलं आहे. पाठीवर पुढच्या चित्राची उलट्या रंगांची प्रत दिसत असेल, पुढे लाल तिथे मागे हिरवट-निळं, आणि रंगीत धागे या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्ट्यांनी धावत असतील, तर ती जॅकार्ड आहे. यंत्रमागावर सगळे रंग पूर्ण रुंदीभर जातात, हवा तो पुढे येतो, बाकीचे मागे राहतात. हाताने विणलेल्या पटाच्या पाठीवर पुढचंच चित्र आरशातल्यासारखं दिसतं, रंग त्याच जागी असतात, आणि जिथे रंग संपलाय तिथे धाग्याची शेपटं लोंबत असतात. अस्तर लावलेलं असेल तर एक कोपरा उसवून दाखवायला सांगा, चांगला विणकर आनंदाने दाखवेल. दुसरी खूण म्हणजे फटी आणि त्यांवरच्या बारीक टाक्यांच्या ओळी. यंत्राच्या कामात त्या नसतात.

एक गंमत जुन्या पटांच्या नकलांत दिसते. वेल्डचा पिवळा रंग उजेडात लवकर उडतो, निळा टिकतो. त्यामुळे शतकांपूर्वी हिरवं असलेलं गवत आणि पानं आज निळसर दिसतात. अस्तराखाली झाकलेल्या पाठीवर ते हिरवं अजून शाबूत सापडतं, आणि दुरुस्तीच्या वेळी अस्तर काढून ते पहिल्यांदा दिसतं तो क्षण मला दर वेळी थांबवतो. आजच्या कारखान्यांतल्या नकला मात्र उडालेलाच रंग खरा धरून गवत निळं करतात.

किमतीचं गणित साधं आहे. इंचाला आठ ताण्याचे धागे, मोठे आकार, चेहरे नाहीत, अशा कामात सरावलेला हात दिवसाला वीत बाय वीत एवढा तुकडा काढतो. सहा बाय चार फुटांचा साधा पट म्हणजे दोन महिन्यांची रोजची बैठक. त्यात चिलखत, बोटं, डोळे, पायाशी शंभर फुलं आली आणि धागे इंचाला बारा-सोळा झाले की तोच पट वर्षाच्या आत मागावरून उतरत नाही. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्यासाठी क्लॉइस्टर्समधले एकशिंग्याचे सात पट पुन्हा हाताने विणायला घेतले, तर कसलेल्या विणकरांच्या चमूला १३ वर्षं लागली आणि २० लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. तेव्हा सरदारांनी भरलेला सहा फुटी पट दीड लाखात हाताने विणून मिळतोय, असं कुणी म्हणत असेल तर हिशेब जुळत नाही. ही कला तेव्हाही स्वस्त नव्हती. मॉरिस समाजवादी होता, सगळ्यांच्या घरी सुंदर वस्तू असाव्यात म्हणून भाषणं देत फिरायचा, आणि त्याचे पट मात्र खाणमालकांच्या जेवणघरात लागले. त्याला ते आयुष्यभर सलत राहिलं.

तुमच्या भिंतीसाठी मी काय करीन? सात-आठ हजारांत चांगली सुती-लोकरी जॅकार्ड मिळते, ती जॅकार्ड म्हणूनच घ्यावी. दीड लाख जॅकार्डवर घालू नये. तेवढे पैसे असतील तर ते विणकराला द्यावे आणि लहान पट मागावा. तीन बाय दोन फूट, एक झाड, एक हरीण, खाली फुलं. ग्रेलच्या पटांखाली लागलेले झाडी आणि ढालींचे पट आठवा. माणसांशिवायही त्या खोलीत जंगल उभं राहत होतं. एकच सरदार हवा असेल तर पाठमोरा किंवा शिरस्त्राण घातलेला घ्या, चेहऱ्याचा खर्च वाचेल. आणि विणकराला फोटो देऊन 'असंच करा' म्हणू नका. रंग किती ते ठरवा, आठ-दहा पुरेत, आणि दाते कुठे पडावेत ते त्याच्यावर सोडा.

आपल्याकडे असं कोण विणेल, हेही विचाराल. पंजा दरी, म्हणजे सतरंजी, विणणाऱ्यांकडे ही वीण मुळातच आहे. ताणा झाकणं, रंग हद्दीपुरता फिरवणं, पंजाने ठोकणं हे त्यांच्या हातात असतं. जाड, ठसठशीत आकारांचं काम ते उत्तम करतील. सोलापूरला पद्मशाली विणकर हातमागावर देवदेवतांची आणि नेत्यांची वॉल हँगिंग विणतात. त्यांची पद्धत वेगळी आहे, पण चेहरा धाग्यात कसा बसवायचा याची त्यांना पिढ्यांची जाण आहे. पैठणीच्या विणकरांशीही बोलून बघा, मात्र त्यांचा माग बारीक रेशमाचा, लोकरीसाठी वेगळी मांडणी करावी लागेल. लोकर बिकानेरकडची गालिच्याची घ्या, तिला चमक आणि ताकद दोन्ही असते. घोंगडीची दख्खनी लोकर मला आवडते, पण ती आखूड आणि राठ असते, झाडाच्या खोडाला किंवा खडकाला शोभेल, फुलाला नाही.

टिकण्याचं म्हणाल तर आपल्याकडे तीन शत्रू आहेत. पहिला उजेड. खिडकीसमोरची भिंत नको. संग्रहालयं कापडावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत. घरात तेवढं काटेकोर राहता येत नाही, पण थेट ऊन आणि पटावर रोखलेला दिवा हे दोन्ही टाळता येतात. दुसरी ओल. नाशिकला मुंबईएवढी नाही, तरी पावसाळ्यात बाहेरच्या बाजूच्या भिंतीला ओल धरतेच. आतली भिंत निवडा आणि पट भिंतीला चिकटवून न लावता मागे बोटभर हवा खेळेल एवढी जागा ठेवा. तिसरी कसर. लोकर हे तिचं अन्नच. डांबरगोळ्या पटाला टेकवून ठेवू नका, वासही बसतो आणि रंगालाही धोका. त्यापेक्षा दर महिन्याला पट हलवा, पाठ बघा, जाळीतून हलका व्हॅक्यूम करा. कसर शांत, अंधाऱ्या, न हललेल्या जागी वाढते. गडद तपकिरी लोकर लोखंडाच्या क्षारात रंगवलेली असेल तर ती आपसूक कुजते, जुन्या पटांत बाह्यरेषाच गळून गेलेल्या दिसतात त्या यामुळे. नवं विणून घेताना तपकिरीसाठी लोखंड वापरू नका म्हणून आधीच सांगा.

टांगताना खिळे, कड्या, दांडीच्या वळ्या काही नको, सगळं वजन चार बिंदूंवर येतं. पाठीला सुती अस्तर लावा, वरच्या कडेला रुंद सुती पट्टी शिवा आणि त्या पट्टीवर वेल्क्रोची मऊ बाजू. काटेरी बाजू लाकडी पट्टीवर ठोकून ती पट्टी भिंतीत स्क्रूने बसवा. लाकूड आधी वॉर्निश करून पूर्ण सुकू द्या, कच्च्या लाकडाचे डाग लोकरीत उतरतात. मग दोघांनी मिळून पट मधल्या बिंदूपासून बाहेरच्या बाजूंना दाबत न्या. कुठे लोंबला तर तेवढाच भाग सोडवून पुन्हा बसवता येतो, आणि घरात आग किंवा पाणी शिरलं तर एका ओढीत पट खाली घेता येतो. अस्तर खालच्या कडेला शिवू नका, मोकळं सोडा. लोकर पावसाळ्यात सैल होते, उन्हाळ्यात आवळते. खाली शिवलेलं असेल तर पट मध्येच फुगतो.